होल्डवर ठेवलेलं बारसं

श्रीपादरावांचा कशावरच विश्वास नव्हता, आणि हे काही म्हातारपणी लागलेलं खूळ नव्हे. माणसाने उभी हयात चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात काढलेली. गाड्यांचे सुटे भाग टेबलावर यायचे, श्रीपादराव एकेक उचलायचे, उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, "ह्यात काहीतरी आहे." बऱ्याचदा काहीतरी निघायचंच, त्यामुळे साहेब लोक खूश आणि प्रॉडक्शनवाले त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. शंका आली रे आली की पेटीवर पिवळी चिठ्ठी. पिवळी चिठ्ठी म्हणजे होल्ड. माल चांगला म्हणायचा नाही, वाईटही म्हणायचा नाही. खात्री होईपर्यंत कोपऱ्यात पडून राहायचं. कंपनीतल्या पोरांनी त्यांचं नावच पाडलं होतं, होल्डसाहेब.

निवृत्त झाले तरी गुण जातोय कुठला! चिंचवडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तुपाच्या डब्याला पिवळी चिठ्ठी, हळदीच्या पुडीला पिवळी चिठ्ठी, नव्या गॅसच्या नळीलाही. चाकणच्या बाजारात कांदा घ्यायला गेले तर एकेक कांदा दाबून, हुंगून, उलटा करून बघायचे. शेवटी एकदा व्यापारी वैतागून म्हणाला, "काका, कांदा घेताय का जावई शोधताय?" आणि बायको अरुंधतीबाई, त्यांची जीभ काही कमी तिखट नव्हे. त्या म्हणायच्या, "आमच्या लग्नात ह्यांच्या खिशात चिठ्ठ्या नव्हत्या हे माझं नशीब. नाहीतर मी अजून माहेरच्या ओटीवर बसले असते."

एकुलता एक मुलगा शार्दूल, तोही चाकणलाच. कंपनीची बस पकडायची, शिफ्ट करायची. सून ऋचा चिंचवडातच एका ऑफिसात होती. लग्नाला काही वर्षं झाली आणि ऋचाला दिवस गेले. घरात आनंदीआनंद. श्रीपादरावांनाही झाला, फक्त त्यांनी तो दूध हुंगून, पाणी दोनदा उकळून आणि लिफ्टच्या दोराची चौकशी करून व्यक्त केला.

चौथ्या महिन्यात ऋचाला ताप आला. ताप म्हणाल तर किरकोळ, दोन दिवसांत उतरला. अंगावर बारीक लाल पुरळ, डोळे तांबडे, सांधे दुखत होते. अरुंधतीबाई म्हणाल्या, उष्णता असेल. श्रीपादराव म्हणाले, "ह्यात काहीतरी आहे." त्या पावसाळ्यात पुण्याच्या बाजूला कसल्या तापाच्या बातम्या येतच होत्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. आणि हाय रे देवा, ह्या खेपेलाही त्यात काहीतरी निघालंच. झिका.

डॉक्टरीणबाईंनी चौघांना समोर बसवून सांगितलं. डासापासून होतो. दिवसा चावणारा डास. मोठ्या माणसाला नुसता ताप येतो आणि जातो, कित्येकांना कळतही नाही. पण पोटुशीला झाला तर तो नाळेतून बाळापर्यंत पोचू शकतो. बाळाचं डोकं नीट वाढत नाही, मेंदू वाढत नाही, कधी डोळ्यांवर जातं, कधी कानांवर. "होईलच असं नाही," त्या म्हणाल्या, "पण होणार नाही असंही मी सांगू शकत नाही. दर महिन्याला सोनोग्राफीत डोकं मोजत राहू."

होईलच असं नाही, होणार नाही असंही नाही. आयुष्यभर ज्या वाक्यावर श्रीपादरावांनी पिवळी चिठ्ठी लावली, तेच वाक्य आता सुनेच्या पोटाबद्दल कुणी बोलत होतं. ऋचा मात्र टेबलाची कड धरून एवढंच म्हणाली, "हे मूल मला हवंय." विषय तिथेच संपला.

विषय संपला तो इतरांचा. श्रीपादरावांचा तिथून सुरू झाला. कंपनीत खोट निघाली की पहिला प्रश्न असायचा: आली कुठून? तो डास आला कुठून? सोसायटीच्या भिंतीपलीकडे रहिमानचं टायरचं दुकान. जुन्या टायरांचा हा ढीग! टायरात पाणी साठतं, पाण्यात डास होतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. वास्तविक रहिमान म्हणजे पंचवीस-तीस वर्षांचा शेजार. त्याची बायको मुमताज अरुंधतीबाईंचे ब्लाऊज शिवायची आणि शार्दूल शाळेत असल्यापासून दर दिवाळीला त्याला ओवाळायची; शार्दूलला बहीण नाही म्हणून. पण संशयाने एकदा घर केलं की शेजार कसला न् पाजार कसला! श्रीपादराव गॅलरीत उभे राहून दुकानावर पाळत ठेवू लागले. मग एक दिवस खाली उतरलेच.

"रहिमान, ह्या टायरांत पाणी असतं."

"नाय ओ काका. हे बघा, प्रत्येकाला भोकं पाडलीत खालून. थांबतच नाय पाणी."

"आणि त्या ताडपत्रीवर?"

"ती रोज झाडतो."

"रोज?"

रहिमानने हातातला पाना खाली ठेवला. "काका, तुमच्या सूनबाईंचं कळलं आम्हाला. मुमताज दुवा मागते रोज. तुम्हाला काय वाटतं, मी डास पाळलेत?"

श्रीपादरावांनी ताडपत्रीचं टोक उचलून पाहिलं. घरी आले आणि त्यांनी महापालिकेत तक्रार केली.

अळ्या शोधणारं पथक आलं. पथक म्हणजे काय, कुसुमताई नावाच्या एक बाई, हातात बॅटरी आणि बाटली, बरोबर औषध मारणारा एक माणूस. त्यांनी रहिमानला निम्मा ढीग हलवायला लावला. त्याचा अख्खा दिवस त्यात गेला, गिऱ्हाईकं परत गेली. अळी एक निघेल तर शपथ. आणि आल्यासारखं सोसायटीतही बघू म्हणून कुसुमताई जिना चढल्या. अरुंधतीबाईंनी दार उघडलं. कुसुमताईंनी पिंप बघितलं. एक दिवसाआड पाणी येतं, पिंप घरोघर असतंच, पण त्याला झाकण होतं. कुंड्या कोरड्या. मग त्यांनी फ्रिजच्या मागे हात घातला, खालचा ट्रे ओढला आणि बॅटरी मारली. ट्रेमधल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण होल्डसाहेबच ते. तडकून म्हणाले, "ह्या तुम्ही बाटलीतून आणल्यात."

कुसुमताई चिडल्या नाहीत, रोजचंच होतं ते त्यांना. "काका, दर चौथ्या घरात फ्रिजमागं हेच निघतं. मनाला लावून घेऊ नका. आणि कुठल्या डासानं चावलं ते त्या डासालाच ठाऊक. ताई ऑफिसात जातात, रिक्षात बसतात, भाजीला जातात. आता शोधून मिळणार आहे का तो?"

त्या गेल्यावर श्रीपादरावांनी ट्रे स्वतः घासला. दुसऱ्या दिवशीही घासला. पुढे रोज सकाळी चहाआधी ट्रे घासायचा हे ठरूनच गेलं. त्यावर ते कधी कुणाशी बोलले नाहीत आणि अरुंधतीबाईंनीही, एरवी एवढ्या तिखट बाई, हा एक टोमणा कधी मारला नाही. तक्रार कुणी केली हे रहिमानला समजायला वेळ लागला नाही. त्यानंतर श्रीपादराव समोरून आले की तो मान वळवून टायर फिरवायचा. मुमताज मात्र यायची, ऋचासाठी खिमट, खिरी घेऊन. श्रीपादराव तेही आधी हुंगायचे.

दर महिन्याची सोनोग्राफी म्हणजे घराला फाशीची तारीख. डोकं वाढत होतं. वाढत होतं, पण काठाकाठाने. थंडीत ऋचा बाळंत झाली. तिला आई नव्हती, म्हणून माहेरी जायचा प्रश्नच नव्हता. मुलगी झाली. डॉक्टरांनी टेप लावून डोकं मोजलं आणि हसून म्हणाले, "बसतंय मापात. जरा लहान बाजूला आहे, पण बसतंय." कानांच्या यंत्राने नीट कौल दिला नाही, म्हणाले, काही महिन्यांनी मोठी तपासणी करू.

मापात बसतंय, पण काठावर. क्वालिटीतल्या माणसाला विचारा, सर्वांत जास्त भीती असल्या मालाची असते.

अरुंधतीबाई बाराव्या दिवसाच्या तयारीला लागल्या. पाळणा माळ्यावरून काढला, घुगऱ्यांना हरभरे आणले. श्रीपादराव म्हणाले, "बारसं थांबवू जरा."

"थांबवू? म्हणजे?"

"तपासण्या होऊ देत. सगळं नीट आहे असं एकदा लेखी आलं, की करू थाटात."

"तपासण्यांचा आणि नावाचा काय संबंध हो?"

संबंध त्यांनाही सांगता आला नसता. पण शार्दूल घाबरलेला, तो खाली मान घालून "बाबा म्हणतात तर थांबू" म्हणाला. ऋचाच्या अंगात तेव्हा भांडायची ताकद नव्हती. तिने नाव केव्हाच ठरवलं होतं, पवना. माहेर पवना नदीकाठचं, लहानपण घाटावर गेलेलं. श्रीपादरावांनी त्यावरही शंका काढली होती, "पवनेत जलपर्णी, आणि जलपर्णीत डास. तेच नाव सापडलं?" तर ते नावही राहून गेलं आणि बारसंही. पिवळी चिठ्ठी कुणाला दिसली नाही, पण पाळण्याला ती लागली होती. पोरीला कुणी बाळ म्हणायचं, कुणी ठमी, कुणी सोनी. दवाखान्यात पुकारा व्हायचा, "बेबी ऑफ ऋचा!"

आठवडे गेले, महिने गेले. सोसायटीत बायका विचारायच्या, "बारसं कधी काढताय?" श्रीपादरावांना वाटायचं, ह्यांना कळलंय. जिन्यात दोघीजणी बोलताना थांबल्या तर आपल्यावरच बोलत होत्या. पाहुण्याने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला तर तो माया करत नव्हता, माप घेत होता. गावठाणातून शालनबाई यायची बाळाला न्हाऊ घालायला, तिच्यावरही नजर.

"डोकं दाबू नका हो."

"आवं दाबत न्हाई, गोल करतीया. आमी गावच्या पोरास्नी असंच केलंय."

"सगळी गोल झाली?"

"तुमाला केलं नसंल कुनी, म्हनून असं इचारताय," शालनबाई म्हणाली आणि गरम पाण्याचा तांब्या ओतला.

स्वतः मात्र ते दिवसातून एकदा कपडे शिवायचा टेप घेऊन पाळण्याशी जायचे. माप घ्यायचे, माघारी फिरायचे. एवढ्या दिवसांत त्यांनी पोरीला उचलून घेतलं नव्हतं. घ्यावंसं वाटत नव्हतं असं नव्हे हो. इतकं वाटायचं की हात दुखायचे. पण एकदा घेतलं की मग जे काय निघेल ते आपलंच, त्याला परतीची वाट नाही, ह्याची त्या माणसाला भीती वाटायची. दुसरं काही नाही.

दुपारी अरुंधतीबाई आडव्या झाल्या आणि ऋचा अंघोळीला गेली की त्यांचा आणखी एक उद्योग चालायचा. स्टीलचं ताट आणि डाव. पोरीच्या उजव्या बाजूला, ती बघणार नाही असं ताट धरायचं आणि हळूच ठण्ण वाजवायचं. पोरगी डोळे मोठे करायची, हातपाय थांबवायची. मग डाव्या बाजूला. ठण्ण. काही नाही. ती आपली छताकडे बघत मुठी चोखते आहे. श्रीपादरावांनी पंखा बंद करून पाहिलं. ताट बदलून पाहिलं. तिची बाजू बदलून पाहिलं, उशी काढून पाहिलं. पुन्हा तेच. उजवीकडे डोळे मोठे, डावीकडे काही नाही. डॉक्टरांच्या आधी त्यांना कळलं होतं, आणि ते कुणाला सांगत नव्हते. सांगितलं की खरं होईल असं वाटायचं.

एके दिवशी ऋचा केसांना टॉवेल गुंडाळून दारात उभी. सासऱ्यांच्या हातात ताट, डाव.

"काय करताय बाबा?"

"काही नाही. आपलं... खेळवत होतो."

"रोज खेळवता?" ती आत आली. आवाज चढला नव्हता. "आंघोळ करताना रोज ऐकते मी. मला वाटायचं, भांडी लावताहेत. बाबा, तुम्ही तिला मोजता, वाजवता, उजेडात धरून डोळे बघता. एकदा तरी नुसतं मांडीवर घेतलंत?"

श्रीपादरावांनी ताट खाली ठेवलं.

"आणि समजा, नाही आली ओके. मग काय करायचं? परत पाठवायची? कुठं पाठवायची, तो पत्ता तरी द्या मला."

ऋचाने पोरीला उचललं आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली. ते गॅलरीत गेले. खाली रहिमान टायर फिरवत होता. त्या दिवशी त्यांना तो बघवेना, आत येऊन फ्रिजचा ट्रे काढला आणि दुसऱ्यांदा घासायला लागले.

ठरलेल्या दिवशी कानांच्या मोठ्या तपासणीला सगळे गेले. पोरीला झोपवून डोक्याला वायरी लावल्या. बराच वेळ लागला. बाहेर येऊन डॉक्टरांनी सांगितलं, उजवा कान चांगला आहे, डाव्याने ऐकू येत नाही. डोळे आजतरी ठीक. मान, हातपाय ठीक. शार्दूलचा चेहरा उतरला. ऋचाने ओठ घट्ट मिटले आणि सासऱ्यांकडे बघितलं. श्रीपादरावांना धक्का बसला नव्हता, हे तिने ओळखलं.

"आणि पुढे?" श्रीपादरावांनी विचारलं. "आणखी काही निघेल?"

"निघेल किंवा नाही निघणार. बघत राहू. सहा महिन्यांनी या, मग वर्षाने, मग शाळेत जाईपर्यंत अधूनमधून. बोलणं, चालणं, सगळं बघायला लागेल."

"म्हणजे फायनल कधी कळणार?"

डॉक्टर दमलेला तरुण माणूस होता. हसला. "फायनल असं नसतं हो काका. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, काही आजार नाही. त्याचंही मला फायनल ठाऊक नाही. तुमच्या मुलाचं आलं का तुम्हाला?"

श्रीपादरावांनी शार्दूलकडे पाहिलं. तिशी उलटलेला बाप्या, कॉरिडॉरच्या भिंतीला टेकून लहान पोरासारखा डोळे पुसत होता. नाही बुवा. त्याचंही आलेलं नव्हतं.

घरी पोचल्यावर चपला काढता काढता श्रीपादराव म्हणाले, "येत्या रविवारी बारसं करू."

आता संशय घ्यायची पाळी ऋचाची. "का? डोळे पास झाले म्हणून?"

"नाही. ती पास नाही झाली," श्रीपादराव म्हणाले. "कान गेलाय तिचा. तरी करू. अडवलं मी होतं, मलाच सोडवायला पाहिजे." मग अडखळत म्हणाले, "नाव तू ठरवलेलंच ठेव. जलपर्णीचं काय, ती निघते."

बारशाला आत्या लागते. कानात नाव तिने सांगायचं असतं. अरुंधतीबाई म्हणाल्या, "मुमताजच आत्या. दुसरी कोण?" आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आमंत्रण तुम्ही करायचं."

श्रीपादराव खाली गेले. रहिमानने मान वर केली नाही. "टायर बघायला आलात का काका?"

"नाही. मुमताजला आत्या म्हणून बोलवायला आलोय." मग म्हणाले, "तक्रार मी केली होती."

"ठाऊक आहे."

"टायरात काही नव्हतं. आमच्या फ्रिजमागे होतं."

रहिमानने फडक्याला हात पुसले. "मुमताज येईल," तो म्हणाला. "तिला पोरीचं लय कौतुक आहे. मला दुकान आहे." आणि त्याने हवेची नळी लावली. तेवढ्यावरच श्रीपादरावांना माघारी यावं लागलं, आणि खरं सांगायचं तर ते वाजवीच होतं.

रविवारी घर भरलं. पुण्याचे नातेवाईक, सोसायटीतल्या बायका, शालनबाई नवं लुगडं नेसून. पाळण्याला झेंडूच्या माळा. बायकांनी पाळणा म्हटला, घुगऱ्यांचा वास सुटला, आणि कोपऱ्याकोपऱ्यात कुजबुज चालूच होती. एवढे महिने बारसं का राहिलं? डोकं तर बरं दिसतंय. मग काय असेल? श्रीपादरावांना ती कुजबुज शब्दाशब्दाने कळत होती. आयुष्यभर त्यांनी स्वतः तीच केली होती.

पाळणा भिंतीला लागून ठेवलेला. मुमताज हिरवी साडी नेसून पुढे आली, जवळ पडली त्या बाजूने वाकली आणि हाताचा आडोसा करून पोरीच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. ऋचा काही बोलायला गेली, पण एवढ्या माणसांत तिचा शब्द फुटेना. बायका मुमताजच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारून तयार.

"थांब मुमताज!"

श्रीपादरावांचा आवाज जरा मोठाच निघाला. सगळ्यांचे हात वरच्या वर राहिले.

"त्या कानाने तिला ऐकू येत नाही," ते म्हणाले. कुजबुजत नव्हे, कोपऱ्यातल्या शेवटच्या पाहुण्याला ऐकू जाईल असं म्हणाले. "ऋचाला झिका झाला होता, त्यात तो कान गेला. उजवा चांगला आहे. नाव वाया जाऊ द्यायचं नाही. ह्या बाजूला ये."

शार्दूलने पुढे होऊन पाळणा भिंतीपासून ओढला. मुमताज डोळे पुसत वळसा घालून उजव्या बाजूला आली, वाकली आणि "कुर्रर्र" करून म्हणाली, "पवना!"

पोरीने डोळे मोठे केले. हातपाय थांबले. अगदी ताटाला ठण्ण केल्यावर थांबायचे तसे. आणि मग मुमताजच्या पाठीत असे धपाटे बसले की ती "अगं बाई, मेले!" म्हणून ओरडली, शालनबाई सर्वांत जोरात हाणत होती, आणि ऋचा हसतही होती, रडतही होती.

गलका चालू असतानाच श्रीपादरावांनी पाळण्यात हात घातले आणि पोरीला उचललं. उजेडाकडे धरलं नाही. छातीशी घेतली, तिच्या उजव्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "पवने, मी तुझा आजोबा."